वर्गाचा ग्रुप आणि रात्री अकराचे मेसेज



आज पाठ्यपुस्तकातला पाठ नाही. पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे आणि दिवसातून दहा वेळा तो वाजतो. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप! त्यावर कोणी काय टाकावं, काय टाकू नये, आणि सांगूनही जे ऐकत नाहीत त्यांचं काय करायचं, ही चर्चा प्रत्येक शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी होते. चहा संपला की चर्चाही संपते. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चारही बाजूंना ऊस. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे, पट २७. ग्रुपवर मात्र ४१ जण आहेत. कोणाची आई, कोणाचे वडील, जिथे घरात एकच मोठा फोन आहे तिथे काका, आणि एक आजोबा, जे नातवाला गृहपाठ स्वतः वाचून दाखवतात. हा ग्रुप कोणी हौसेने काढलेला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला पालकांपर्यंत पोचवायची होती, तेव्हा तो निघाला. त्या दिवसांत ग्रुप हीच शाळा होती. पुढे शाळा उघडली, ग्रुप काही बंद झाला नाही. उद्या शाळा सकाळची आहे, डॉक्टर तपासणीला येणार आहेत, आधार कार्डाची झेरॉक्स आणायची आहे, सगळं तिथेच कळतं.

हे आधी सांगितलं त्याला कारण आहे. मित्रांच्या ग्रुपमधून एखाद्याला काढलं तर तो दुसरा ग्रुप शोधतो. वर्गाच्या ग्रुपमधून बापाला काढलं तर मुलगी दुसऱ्या दिवशी साडेदहाला दप्तर घेऊन येते आणि शाळा सुटायला आलेली असते. मग शिक्षा कोणाला झाली? नेटवरच्या इतर जागांचे नियम आपण जसेच्या तसे उचलू शकत नाही ते यामुळेच. ‘नियम मोडला, बाहेर व्हा’ हा सगळ्यात सोपा उपाय आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असं धरूनच चालावं लागतं.

आणि ‘त्रास देणारे पालक’ असा एकच डबा करू नका, ही माझी दुसरी विनंती. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकणाऱ्या आजोबांचा त्रास वेगळा. म्हैस विकणे आहे, विमा काढा, भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांचा वेगळा. या दोन्हींवर एकदा गोड शब्दांत बोललं की काम होतं, नाही झालं तरी कोणाचं काही जळत नाही. खरे अवघड प्रकार तीन आहेत. भीतीने पुढे ढकललेला मेसेज, रागाने लिहिलेला मेसेज आणि एखाद्या मुलाचं नाव घेऊन टाकलेला मेसेज.

भीतीचं म्हणाल तर आमच्याकडे ती बिबट्याची. बाहेरच्यांना गंमत वाटेल, पण आमच्या भागात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. जवळच माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. पालक उगाच घाबरत नाहीत. त्यामुळे ‘बिबट्याचे मेसेज टाकू नयेत’ असा नियम मला करता येत नाही, केला तर पोरांच्या जिवाशी खेळ होईल. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, एका संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. शाळेच्या व्हरांड्यात बिबट्या फिरतोय. खाली लिहिलेलं, ‘आपल्या भागातील शाळा, सावध राहा, सर्वांना पाठवा.’ दुसऱ्या दिवशी २७ पैकी ९ मुलं आली. व्हिडिओ मोठा करून पाहिला तर भिंतीवरची पाटी कानडी होती. पण तेवढं थांबून पाहतो कोण!

हे इथेच संपलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यानंतर दोनच आठवड्यांनी डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या एका पालकांना पहाटे कालव्याच्या कडेला खरोखर मादी आणि दोन पिल्लं दिसली. त्यांनी साडेपाचला ग्रुपवर लिहिलं. खाली दोन हसरे चेहरे आले आणि ‘परत सुरू झालं का’ असा एक शेरा. त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दोन मुली त्याच कालव्याच्या वाटेने, एकट्या, सव्वासातला चालत आल्या. काही झालं नाही. पण खोटा मेसेज काय करतो हे मला त्या दिवशी कळलं. तो आला त्या दिवशी नऊच पोरं वर्गात बसली, हे नुकसान भरून निघालं. पण पुढच्या खऱ्या मेसेजवरचा लोकांचा विश्वास तो आधीच खाऊन बसला होता.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर अशा मेसेजला तीन प्रश्न आहेत. कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता. ‘मी स्वतः पाहिलं’ किंवा ‘अमक्यांनी मला फोन करून सांगितलं’ एवढं लिहिलं की मेसेज चालतो, मग तो रात्री दोनला आला तरी. तिन्ही नसतील तर मी फक्त ते तीन प्रश्न खाली टाकते. ‘अफवा पसरवू नका’ असं म्हणत नाही, कारण त्याने माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी खरंही सांगत नाही. सोबत वनविभागाचा १९२६ हा नंबर ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवला आहे.

एवढ्याशा व्हिडिओसाठी इतकं कशाला, असं एक सहकारी मला म्हणाले. त्यांना मी राईनपाड्याची आठवण दिली. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्यातली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली होती. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या किती जणांना वाटलं असेल की आपण कोणाचं तरी लेकरू वाचवतोय! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. आमच्या चौथीच्या मुलांना ते दोन बाण ओळखता येतात, आणि घरी आजीच्या फोनवर ती दाखवतातही.

मुलांना हे कसं शिकवलं ते थोडक्यात सांगते, कोणाला वर्गात करून पाहायचं असेल तर. जुनाच खेळ आहे, कानगोष्टी. पहिल्या मुलाच्या कानात सांगितलं, ‘ओढ्याकडे कुत्रं भुंकत होतं.’ सत्ताविसाव्याने उभं राहून सांगितलं, ‘ओढ्यावर बिबट्यानं कुत्रं नेलं.’ वर्ग लोटपोट. मग दुसरी फेरी घेतली, या वेळी प्रत्येकाला ‘परत सांग’ असं एकदा विचारायची मुभा दिली. वाक्य जवळजवळ होतं तसंच बाहेर आलं. यावर मी काही भाष्य केलं नाही. तिसरीतली एक मुलगी आपणच म्हणाली, ‘मॅडम, मोबाईलमध्ये परत सांग म्हणत नाहीत ना.’

आता रागाचा मेसेज. एका मुलीचे वडील टेम्पो चालवतात. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो उतरवून घरी यायला त्यांना रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. त्यांचा मेसेज त्या वेळेला यायचा. पहिला होता खिचडीच्या फोटोसह, ‘ही डाळ आहे का पाणी?’ इथपर्यंत ठीक होतं, प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे. मग आलं, ‘मॅडम झोपल्या का? पगार झोपायचा घेता का?’ आणि मग, ‘खाणारे खातात, पोरं उपाशी.’ आता आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा मुलगा चौथीतच आहे. त्या त्याच ग्रुपवर आहेत. आपल्यावरचा चोरीचा आरोप त्यांनी रात्री अकराला, घरच्या सगळ्या माणसांच्या देखत वाचला. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, सगळ्यांना वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. रोज ‘अजून घे रे’ म्हणणारी बाई.

रात्रभरात ग्रुपवर साठच्या वर मेसेज झाले होते. कोणी ताईंच्या बाजूने, कोणी टेम्पोवाल्या भाऊंच्या, कोणी दोघांच्या जुन्या बांधाच्या भांडणावर घसरलेलं. तिघांनी मला वेगळा मेसेज केला, ‘याला काढून टाका.’ मी सकाळी एकच निरोप लिहिला. डाळीबद्दलचा प्रश्न मिळाला आहे, साठ्याची नोंदवही शाळेत कोणालाही पाहता येईल, वेळ सांगा. आणि माणसांवरचे आरोप इथे चालणार नाहीत, ज्यांना करायचे असतील त्यांनी लेखी द्यावेत. बस. कोणाच्या मेसेजला उत्तर नाही, कोणाची बाजू नाही.

भाऊ दोन दिवसांनी आले, टेम्पो रस्त्यावर उभा करून. मी नोंदवही पुढे ठेवली. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, असं प्रमाण आहे. पूर्ण शाळेचा पट ५२, म्हणजे डाळ एक किलोच्या थोडी वर. त्या आठवड्यात डाळीचा पुरवठा उशिरा आला होता आणि ताई उरलेली डाळ पुरवून पुरवून वापरत होत्या. म्हणजे फोटोतली खिचडी खरंच पातळ होती आणि चोरी कोणीच केली नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं. भाऊ बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘मॅडम, पोरगी फोनवर सांगते भूक लागली. मी गाडीवर असतो. मग डोकं सरकतं.’

माझा मुद्दा इथे आहे, आणि तो मी जरा जोर देऊन सांगते. मेसेजमधला प्रश्न आणि मेसेजची भाषा या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका. भाषा अडवायची, प्रश्न अडवायचा नाही. आपल्यातले बरेच जण नेमकं उलटं करतात. भाषा वाईट म्हणून प्रश्नही डिलीट होतो, आणि कधीकधी, खरं बोलायचं तर, प्रश्न अवघड असतो म्हणून भाषेचं कारण सापडतं. तक्रारीला जागा हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, ते काही फोटोपुरते नाहीत. भाऊंचा डाळीचा विषय समितीत लेखी गेला. आता आमच्याकडे पालक पाळीने जेवणाची चव घेतात आणि चव नोंदवहीत सही करतात. शनिवारची पाळी भाऊंची. ताईंबद्दल जे लिहिलं होतं, ते जिथे लिहिलं तिथेच मागे घ्यायचं, एवढी एकच अट मी घातली. त्यांनी लिहिलं, ‘ताई, तुमच्यावर बोललो ते चुकलं.’ ताईंनी त्याला काही उत्तर दिलं नाही. द्यायलाच हवं असंही नाही.

भाऊ बदलले का? पूर्ण नाही. त्यानंतरही दोनदा रात्री अकराला त्यांचा तडाखा आलाच, एकदा गणवेशावरून, एकदा शाळेच्या पाण्यावरून. पण त्यात कोणाचं नाव नव्हतं. मला तेवढं चालतं.

पुष्कळ शिक्षक ग्रुप कायमचा ‘फक्त ॲडमिन’वर ठेवतात. २०१८ पासून ती सोय आहे. एक बटण दाबलं की शांतता. मी आजवर दोनदा, एकेका रात्रीपुरती वापरली आहे, आणि दोन्ही वेळा कारण लिहून वापरली. कायमची ठेवली असती तर पहाटे साडेपाचचा तो कालव्याचा मेसेज आलाच नसता.

दुसरी भीती शिक्षकांना असते ती कायद्याची. ‘कोणीतरी काहीतरी टाकेल आणि गुन्हा ॲडमिनवर होईल.’ यासाठी माहिती असावी म्हणून सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा मिळून तसा इरादा होता, हे दिसलं तर गोष्ट वेगळी. म्हणून घाबरून तोंडाला कुलूप नको. पण ‘मी फक्त ॲडमिन आहे’ म्हणून हात झटकायलाही हा निकाल नाही.

डाळीच्या प्रकरणानंतर डिसेंबरच्या पालकसभेत आम्ही नियम लिहिले. मी घरून लिहून नेले नव्हते, कोरा कागद नेला होता. काय काय झालं ते नावं न घेता सांगितलं आणि विचारलं, काय करूया? पुरुष बिबट्यावर आणि राजकारणावर बोलत राहिले. बायका बराच वेळ गप्प. मग एक आई म्हणाली, ‘मॅडम, रात्री फोन वाजला की आमच्यात भांडण होतं. एवढ्या रात्री कोणाचा मेसेज म्हणून.’ ती बोलली आणि मग बाकीच्या बोलायला लागल्या. सभा संपल्यावर एक आई मागे थांबली. ग्रुपवरून तिचा नंबर घेऊन एक गृहस्थ तिला रोज ‘जेवलात का’ असे मेसेज करत होते. घरी सांगितलं तर तिचाच फोन काढून घेतला जाईल, ही तिची भीती. पाहा, आपण गुड मॉर्निंगच्या चित्रांवर वैतागत असतो आणि खरा त्रास ग्रुपवर दिसतच नसतो.

त्या गृहस्थांना मी काढलं. आजवर काढलेला तो एकच माणूस. त्यांच्या मुलाचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या जागी त्याच्या आजीचा नंबर घेतला, तिच्याकडे साधा फोन आहे, तिला मी किंवा शेजारची पालक ताई निरोप सांगते. त्या आईचं नाव कुठेही आलं नाही. काढताना त्यांना कारण एकाच वाक्यात सांगितलं आणि पुढे वाद घातला नाही.

कागदावर शेवटी आलं ते असं. ग्रुप शाळेच्या आणि मुलांच्या कामासाठी. रात्री नऊ ते सकाळी सहा शांत, जिवाशी गाठ असेल तर सोडून. भीतीच्या मेसेजला तीन प्रश्न. माणसावर आरोप नाही, तक्रार लेखी आणि समितीकडे. कोणाच्याही मुलाचं नाव किंवा फोटो दोष देण्यासाठी नाही. आणि ग्रुपवरचा नंबर शाळेच्या कामाशिवाय वापरायचा नाही. मोडलं तर आधी फोन, मग पोस्ट काढणे, मग घरातला दुसरा नंबर. खाली सगळ्यांच्या सह्या, माझी पहिली. एक प्रत शाळेच्या दारावर चिकटवली, कारण काही पालकांना ग्रुपवरचं लांब लिहिलेलं वाचवत नाही.

नियम लिहिणं सोपं हो. जानेवारीत एका संध्याकाळी ग्रुपवर एका मुलाचा फोटो आला. खाली, ‘माझ्या नातवाचा कंपास यानेच नेला. असल्यांपासून पोरांना सांभाळा.’ टाकणारे समितीचे सदस्य, वस्तीवरचं वजनदार माणूस, शाळेला पाण्याचं फिल्टर त्यांनी दिलेलं. फोटोतला मुलगा ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबातला, हंगामापुरता आमच्याकडे बसणारा. त्याच्या आईबापाकडे ग्रुपच काय, मोठा फोनही नाही. म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याच्या बाजूने बोलायला त्या ४१ जणांत कोणीच नाही.

२०२२ पासून ॲडमिनला कोणाचीही पोस्ट सगळ्यांसाठी काढता येते. मी पाहिली त्या मिनिटाला काढली, तोवर निम्म्याहून जास्त लोकांनी ती वाचलेली होती. मग फोन केला. ‘काका, पोस्ट काढली आहे. तुमच्या नातवाचं नाव असं कोणी टाकलं असतं तरी काढलीच असती.’

‘मॅडम, मी समितीवर आहे.’

‘म्हणूनच ग्रुपवर काही लिहिलं नाही. तुम्हाला फोन केला.’

पलीकडे शांतता. फिल्टरचा विषय निघेल असं वाटलं होतं. निघाला नाही.

मुलाला मात्र कळायचं ते कळलंच. सकाळी येतानाच दोघांनी त्याला सांगितलं. तो दारातूनच परत गेला आणि चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघं शिक्षक कोपीवर गेलो. तो वाढ्याच्या पेंढ्या बांधत होता. आई म्हणाली, ‘पोट दुखतंय म्हणतो बाई. काय केलंय का आमच्या पोरानं?’ तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, काही केलं नाही, आम्ही न्यायला आलोय. तो मान खाली घालून पेंढी बांधतच राहिला. मग सरांनी त्याच्या शेजारी बसून एक पेंढी बांधायला घेतली, ती इतकी वाईट बांधली की त्याला हसू आलं.

कंपास काकांच्याच घरी, कपाटामागे सापडला. ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, ‘कंपास घरी मिळाला.’ तीन शब्द. मुलाचं नाव नाही, माफी नाही. मी फोन करून म्हटलं, काका, निदान मुलाला भेटा. ते दुसऱ्या दिवशी परिपाठाला आले, मागे उभे राहिले, जाताना त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपला, कुटुंब गावाकडे परतलं. तो मुलगा पुन्हा नियमित यायला लागला होता, पण कोणाची वस्तू खाली पडलेली दिसली तरी उचलायचा नाही. लांबून मला हाक मारायचा.

नियमाची खरी परीक्षा टेम्पोवाल्या भाऊंवर होत नाही, ती अशा वेळी होते, असं माझं मत झालं आहे. भाऊंना ‘काढा’ म्हणणारे तिघं होते. काकांबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

जाता जाता एक गंमत. इंटरनेटच्या जुन्या काळात, १९८० पासून, अमेरिकेत युजनेट नावाची गप्पांची आणि चर्चेची जागा होती. दर सप्टेंबरला कॉलेजात नवीन मुलं यायची, त्यांना तिथल्या रीतीभाती ठाऊक नसायच्या, महिनाभर गोंधळ व्हायचा, मग ती शिकायची. १९९३ नंतर ती जागा सगळ्यांसाठी खुली होत गेली आणि नवे लोक रोजच यायला लागले. जुने लोक वैतागून म्हणायला लागले की हा सप्टेंबर आता संपणारच नाही! १९९५ मध्ये तिथल्या सभ्य वागणुकीचे संकेत लिहूनही काढले गेले. त्यात एक असा की राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबून पाठवा. हे वाचलं तेव्हा मला भाऊंचीच आठवण झाली. आपलं बरं आहे, आपला सप्टेंबर जूनमध्ये येतो आणि वर्षातून एकदाच. दर जूनला तिसरीत नवे पालक येतात, आणि तो कागद आम्ही पुन्हा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो, बदल सुचवायला सांगतो, पुन्हा सह्या घेतो.

या जूनमध्ये बदल सुचवला आहे टेम्पोवाल्या भाऊंनीच. त्यांचं म्हणणं, रात्री नऊनंतर शांत हा नियम घरी वेळेवर येणाऱ्यांनी केलेला आहे. ‘मी मोकळा होतो अकराला. सकाळी तुम्ही शाळेत, मी झोपलेला. मी लिहू कधी?’ खरं आहे, वस्तीवर त्यांच्यासारखे आणखी चार ड्रायव्हर आहेत. आयांचं म्हणणं, रात्री फोन वाजायला नकोच. एका आईने सुचवलं की सगळ्यांनी ग्रुप म्यूट करावा, मग कोणी कधीही लिहो. दुसरी म्हणाली, म्यूट केलं तर बिबट्याचं कसं कळणार? भाऊ म्हणाले, रात्रीचे मेसेज मी मॅडमना वेगळे पाठवतो, त्यांनी सकाळी ग्रुपवर टाकावेत. याला मी तयार नाही. काय टाकायचं आणि काय गाळायचं हे मग माझ्या हातात येईल, आणि उद्या तक्रार माझ्याबद्दलच असली तर? मी दोन ग्रुप सुचवले आहेत, एक तातडीचा, जो वाजेल, आणि एक रोजचा, जो सगळ्यांनी म्यूट ठेवायचा. आजोबांनी लगेच विचारलं, सुविचार कोणत्या ग्रुपवर टाकायचे?

शनिवारी चव घ्यायला भाऊ येतील, त्यानंतर सभा आहे.